हळदीच्या पाल्याचं तेल: कापणीपासून बाटलीपर्यंत, आणि मध्ये ते कुठं कुठं उडून जातं

टाकी भरून पाला घातला, दुपारपर्यंत जाळ घातला आणि तेल निघालं कपभर. मिरज-वाळवा पट्ट्यातली आणि तिकडं कोरेगावकडची अशी बरीच मंडळी भेटलीत मला, आणि प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठरलेलं, "टाकीच फसवी दिली राव." टाकी म्हणजे पाल्यातनं वाफ सोडून तेल काढायचं भांडं, वाफ तेल घेऊन वर येते आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे गार पाण्यानं थंड केलेल्या नळीत, तिचं परत पाणी होतं आणि तेल वेगळं निघतं. टाकी फसवी नसते असं नाही, पण बहुतेक वेळा तेल टाकीत पोचायच्या आधीच गेलेलं असतं, थोडं बांधावर, थोडं ढिगात, आणि राहिलेलं झाकणाच्या कडेनं नाहीतर गरम कंडेन्सरमधनं. तेच तेच फोनवर सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच क्रमानं लिहितोय.

आमच्या शेडात एक नियम आहे, हळदीच्या पानाचा घमघमाट सुटला की खूश व्हायचं नाही, गळती शोधायची. नाकाला जे मिळालं ते बाटलीत मिळणार नाही.

सुरू करायच्या आधी डोक्यातनं काढायच्या गोष्टी

पहिली म्हणजे करक्युमिन. पाल्याच्या तेलात करक्युमिन किती निघतं असं विचारणारे रोज भेटतात. ते कंदात असतं, पानात नावापुरतं, आणि मुळात ते वाफेबरोबर उडतच नाही, त्यामुळं टाकीतनं निघणाऱ्या तेलात ते येणारच नाही, टाकी कितीही भारी घ्या. वाफेवर येतं ते उडणारं तेल, त्याच्यात अल्फा-फेलँड्रिन, टर्पिनोलीन, सिनिओल, पॅरा-सायमीन असली मंडळी असतात, प्रमाण जातीवर आणि पानाच्या वयावर बदलतं. कंदाचं तेल वेगळं, त्याच्यात टर्मेरोन जास्त. म्हणून पाल्याचं तेल "हळदीचं तेल" म्हणून खपवायला जाऊ नका, घेणारा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलात कुठला घटक किती आहे ते दाखवणारा, रिपोर्ट काढतो आणि पहिल्याच रिपोर्टला कळतं, मग पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

कोण म्हणालं की अॅसिटोन नाहीतर हेक्झेन वापरून शेडातच अर्क काढू, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते काम आग न लागणाऱ्या वायरिंगच्या, परवाना असलेल्या कारखान्याचं आहे, चुलवाणाशेजारचं नाही.

दुसरी गोष्ट, तेलासाठी पाला लवकर कापणं. पान हिरवं असताना तेल बरं मिळतं हे खरं, पण त्या पानावरच खाली गड्डा भरत असतो, शेवटचा महिना तर फार महत्त्वाचा. महिनाभर आधी पाला कापून दोन किलो तेल जास्त मिळवलं आणि एकरी चार क्विंटल हळद घालवली तर मार्केट यार्डात सौद्याच्या दिवशी घरातले काय म्हणतील ते मी सांगायला नको. हळद आधी, तेल नंतर.

आणि फक्त हळदीसाठी टाकी घेऊ नका. पाल्याचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, बाकी वर्षभर टाकीत कोंबड्या अंडी घालतात. गवती चहा, पामरोजा असं तेलाचं गवत जोडीला असेल किंवा चार-पाच जणांत मिळून असेल तरच घ्या.

१. कापणीच्या आधीचे पंधरा दिवस

खरं काम इथं आहे आणि इथंच कोण लक्ष देत नाही.

फवारणीची वही काढा. करप्याला काय मारलं, कंदमाशीला काय मारलं, शेवटची फवारणी कधी, सगळं तारखेसकट. काही कीटकनाशकं वाफेबरोबर तेलात येतात आणि तेलात ती पाल्यापेक्षा दाट होतात, कारण शेकडो किलो पाल्यातलं सगळं दोन किलोत गोळा होतंय. ज्या प्लॉटची नोंद सापडत नाही त्याचा पाला सरळ खताला घाला.

घेणारा आधी शोधा, तेल नंतर काढा. पहिल्या वर्षी शंभर-शंभर मिलीचे नमुने पाठवा, रिपोर्ट येऊ द्या, मग पुढचं ठरवा.

टाकीची रिकामी ट्रायल घ्या. नुसतं पाणी भरून तासभर जाळ घाला. सगळ्या जोडांजवळ कोरडं, गार स्टीलचं ताट धरा, ताटावर धुकं आलं की तिथं वाफ गळतेय. झाकणाचा जोड, वरच्या वाकड्या पाइपचा जोड, कंडेन्सरचा तोंडाचा जोड, तिन्ही बघा. टाकीला पाण्याची सील असेल तर ठीक, नसेल तर जुन्या लोकांसारखा कणकेचा लेप लावा, काही कमीपणा नाही त्याच्यात. काळं रबर गॅस्केट म्हणून लावू नका, हे तेल रबर फुगवतं आणि रबराचा वास तेलाला लागतो. टेफ्लॉनचं घ्या.

टाकी लोखंडी असेल तर निदान कंडेन्सर आणि तेल गोळा करायचं भांडं तरी स्टेनलेस स्टीलचं पाहिजे. गंजाच्या कंडेन्सरमधनं आलेलं तेल कोऱ्या चहासारखं दिसतं, एकदा तसं झालं की गाळून जात नाही.

वेगळा बॉयलर लावून वाफ आणणार असाल तर लक्षात ठेवा, २५ लिटरच्या वरच्या बॉयलरला सहसा बॉयलर कायदा लागतो. गावातल्या वेल्डरकडनं ड्रमचा बॉयलर करून घेऊ नका. सुरुवातीला खाली पाणी, मध्ये जाळी, वर पाला अशी सरळ जाळाची टाकी बरी, वाफेची वाट उघडी असेपर्यंत तिच्यात दाब तयार होत नाही. लखनौच्या सीमॅपनं, म्हणजे औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेनं, असल्या शेतावरच्या टाक्यांची डिझाइन केलेली आहेत, टाकी करून घेणार असाल तर ते डिझाइन मागा, फॅब्रिकेटरच्या मनावर सोडू नका.

आता पाण्याचा हिशोब, हा सगळ्यांचा चुकतो. वाफेचं १ लिटर पाणी करून ते कोमट करायला साधारण ६०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. कंडेन्सरला जाणारं पाणी २५ अंशाला आत गेलं आणि ५० ला बाहेर आलं तर एका लिटरमागं २४ लिटर गार पाणी लागलं. तासाला वाफेचं ४० लिटर पाणी सुटत असेल तर तासाला जवळपास १००० लिटर! एक पाळी, म्हणजे टाकी एकदा भरून तेल काढणं, चार तासांची धरली तर ४००० लिटर. लोक ५०० लिटरची सिंटेक्स ठेवून तेच पाणी फिरवत बसतात आणि दुसऱ्या तासाला टाकीतलं पाणी आंघोळीचं होतं. एकतर विहिरीचं पाणी लावा आणि सुटलेलं गरम पाणी पाटाला सोडा, नाहीतर मोठा हौद करा.

तपासा: ट्रायलमध्ये तासाभरानंतर कंडेन्सरमधनं पडणाऱ्या पाण्याखाली बोट धरा. कोमट लागलं तर चालतंय. चटका बसला तर पाला आणायचाच नाही, आधी पाण्याची सोय करा.

२. पाला कापणं

हळदीला शेवटचं पाणी तोडल्यावर, हलक्या रानात काढणीच्या आधी साधारण १५ दिवस आणि भारी रानात त्याहून आधी, पानं पिवळी पडून खाली झुकायला लागतात. आपल्याकडं लागण अक्षय तृतीयेच्या पुढं झालेली असते, म्हणजे हे जानेवारी-फेब्रुवारीत येतं, थोडं मागंपुढं जातीप्रमाणं, सेलमला वेळ लागतो. नेमकं त्याच वेळी उसाच्या तोडी चालू असतात आणि माणूस मिळत नाही, त्यामुळं जो दिवस माणसं मिळतील तो मुहूर्त असं होतं. होऊ द्या, पण पाल्याची निवड सोडू नका.

तेलाला चालतं ते पिवळसर हिरवं, हातात दुमडलं तर न मोडणारं पान. पूर्ण तपकिरी, चुरचुर मोडणारं नको, खालचं मातीत लोळलेलं आणि कुजकं तर अजिबात नको. कापताना जमिनीपासून एक इंच वर कापा. खाली खुरपं घातलं की गड्ड्याला जखम होते आणि तिथनं सड शिरते.

देठाचा जाड भाग वेगळा करा. त्याच्यात तेल फारच कमी, पाणी आणि धागा जास्त, आणि टाकीतली जागा तोच खातो. मजुरांना हे सांगितलं की ते आधी हसतात, पण अर्धी टाकी देठानं भरून वर तेल कमी आलं म्हणून रडण्यापेक्षा ते बरं.

दव उतरल्यावर कापा. पहाटे कापलेला ओला पाला ट्रॉलीत दाबून भरला की तो शेडात पोचेपर्यंत वाफाळलेला असतो.

३. सुकवणं, आणि ढीग नावाचा चोर

सगळ्यात जास्त तेल इथं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही संध्याकाळी दोन ट्रॉल्या पाला आणला, थकलो होतो, शेडाच्या कोपऱ्यात एकच ढीग घातला, वर ताडपत्री टाकली आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी ताडपत्री काढली तर वास असा की शेजारची म्हातारी बघायला आली, म्हणाली हळद शिजवताय व्हय. ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच मागं घेतला, आत पेज शिजवल्यासारखं गरम. मधला पाला काळपट चिकट झालेला, आणि त्याला हळदीचा नाही तर आंबलेल्या चाऱ्याचा वास. त्या पाल्यातनं जे आलं ते तेल नव्हतं, शिक्षा होती.

म्हणून पाला आला की लगेच पसरा. सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, सिमेंटच्या कोब्यावर नाहीतर स्वच्छ ताडपत्रीवर, जाडी चार ते सहा इंच, त्याहून जास्त नको. १२ ते २४ तास. मध्ये दोन वेळा उलथापालथ. वजन साधारण एक तृतीयांश कमी झालं आणि पान मऊ पडलं की झालं. सुकल्यानं टाकीत पाला जास्त बसतो, सरपण वाचतं आणि पाण्याचा भार कमी होतो.

उन्हात सुकवू नका. जानेवारीतलं ऊन कोवळं वाटतं पण पातळ थरातनं तेल उडवायला ते पुरेसं आहे. आणि पत्र्याच्या शेडात दुपारी पत्र्याखाली किती तापतं ते एकदा थर्मामीटर टांगून बघा.

जपून: लगेच काढायला जमणार नसेल तर पाला पूर्ण सुकवून हवेशीर जागी बारदानात सैल भरून ठेवा. सुक्या पाल्यालाही तेल येतं, थोडं कमी. पण अर्धओला पाला पोत्यात भरून ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण.

४. कुट्टी

कडबा कुट्टीतनं दोन-तीन इंचाचे तुकडे. बारीक भुगा नको, भुगा टाकीत बसून वाफेची वाट बंद करतो. कुट्टी टाकी भरायच्या अगदी आधी करा, आदल्या रात्री करून ठेवू नका, कापलेल्या कडेनं तेल उडतं. काही जण कुट्टी न करता सबंध पानं भरतात, चालतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि पानं एकावर एक चिकटून बसली तर मध्ये वाफ शिरत नाही.

५. टाकी भरणं

आधी खालचं पाणी. पाण्याची पातळी आणि जाळी यांच्यात आठ-दहा इंच मोकळं पाहिजे, उकळल्यावर पाणी उसळून पाल्याला लागता कामा नये. पाला पाण्यात बुडाला की तो शिजतो आणि तेलाला उकडलेल्या भाजीचा वास येतो, तो वास मग कशानंही जात नाही. आणि पाणी इतकंही कमी नको की मध्येच संपेल, ४ तास तासाला ४० लिटर म्हणजे १६० लिटर वाफेतनं जाणार, त्याच्यावर निदान ५०-६० लिटर शिल्लक राहायला हवं. बाहेरनं पाण्याची काच लावलेली असेल तर फार बरं, नसेल तर लावून घ्या, तळ कोरडा पडला की पाला जळतो आणि टाकीचा तळ जातो.

मग पाला. एकदम ओतू नका. फूटभर थर टाका, हातानं सारखा करा, पायानं सगळीकडं सारखं दाबा, मग पुढचा थर. कडेला जरा जास्त दाबा, कारण वाफ आळशी असते, तिला कडेनं वर जायची सवय, आणि एकदा कडेनं वाट पडली की मधला पाला कोरडाच राहतो. पाळी संपल्यावर चोथा बाहेर काढताना मध्ये हिरवट, सुका, वास असलेला गोळा सापडला की समजा भरण्यात चूक झाली. आम्हाला पहिल्या पाच पाळ्यांत प्रत्येक वेळी सापडला.

वर फूटभर मोकळं ठेवा. पाला फुगून वरच्या पाइपच्या तोंडाला लागला तर तुकडे पाइपात जातात, आणि मग पुढं जे होतं ते मी बघितलंय. एका पाळीला आमच्या पाइपात पानाचा बोळा अडकला, कंडेन्सरमधनं थेंब यायचा थांबला, आम्हाला वाटलं जाळ कमी पडला म्हणून अजून दोन लाकडं सारली. पाच मिनिटांत झाकणाच्या कडेनं कणीक उडाली आणि वाफेचा फवारा भिंतीवर बसला. भिंतीच्या बाजूला कोण उभं नव्हतं हे नशीब. तेव्हापासनं पाइपाच्या तोंडाला स्टीलची जाळी बसवलीय आणि मोकळी जागा टेप लावून मोजतो.

जपून: कंडेन्सरच्या बाहेरच्या तोंडाला कधीही कॉक लावू नका, बोळा लावू नका, ती वाट कायम उघडी. थेंब थांबला तर जाळ वाढवायचा नाही, जाळ ओढून काढायचा.

६. जाळ

गुऱ्हाळावर जळव्याला जो मान असतो तोच इथं चुलवाणापुढं बसणाऱ्याला द्या, कारण सगळं त्याच्या हातात आहे. पहिला अर्धा-पाऊण तास जोरात जाळ, पाणी उकळेपर्यंत. टाकीचं झाकण हाताला चटका देऊ लागलं की जाळ कमी करा. टाकीतली हवा आधी बाहेर येते, तिच्याबरोबर पहिला जोरदार वास येतो, तेव्हा कंडेन्सरचं पाणी आधीपासनं चालू पाहिजे. पुष्कळ जण थेंब दिसल्यावर पाणी चालू करतात, तोपर्यंत सगळ्यात हलकं तेल पत्र्यातनं बाहेर गेलेलं असतं.

मग एकसारखा जाळ. ५०० किलोच्या पाळीला तासाला ४० ते ५० लिटर पाणी सुटलं म्हणजे वेग बरा, एक बादली लावून घड्याळ बघा, हिशोब सोपा आहे. जास्त जाळला म्हणून तेल जास्त येत नाही, कंडेन्सर गरम होतो आणि तेल-पाण्याचं दूध होतं. कमी जाळला तर वाफ वर पोचायच्या आत पाल्यातच पाणी होते आणि खाली ठिबकत राहते.

मागच्या पाळीचा वाळलेला चोथा सरपणाला चालतो, पण नुसत्या चोथ्यावर जाळ एकसारखा राहत नाही, थोडं लाकूड पाहिजेच.

७. कंडेन्सर आणि तेल गोळा होणं

बाहेर पडणारं पाणी ३० ते ४० अंश. बोटाला कोमट. दर पंधरा मिनिटांनी बघा, मोबाइल बघतो तितक्याच नियमानं.

पाल्याचं तेल पाण्याहून हलकं, वर तरंगतं, म्हणून गोळा करायचं भांडं असं पाहिजे की पाणी तळातनं वाकड्या नळीनं बाहेर जाईल आणि तेल वर साठत राहील. भांडं लहान असलं की तेलाला वर यायला वेळच मिळत नाही आणि ते पाण्याबरोबर वाहून जातं. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा एक काचेचा ग्लास भरून अर्धा तास शेल्फवर ठेवा. वर तेलाचा तवंग आला तर तुमचं तेल गटारात चाललंय.

पाणी दुधासारखं आलं तर जाळ कमी करा, भांडं मोठं करा, थेंब वरनं न पडता भांड्याच्या आत नळीनं मध्यावर सोडा म्हणजे ढवळलं जाणार नाही. काय वाटेल ते करा पण साबण, पावडर काही घालू नका. आणि बाहेर गेलेलं वासाचं पाणी फेकू नका, पुढच्या पाळीला खालचं पाणी म्हणून तेच भरा, त्याच्यात विरघळलेलं तेल परत मिळतं.

तेलाच्या भांड्याजवळ बिडी नको, उघडा दिवा नको, चुलवाणाचं तोंड त्या बाजूला नको. हे तेल ५० अंशाच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. चुलवाण आणि तेलाचं भांडं यांच्यात निदान एक भिंत पाहिजे.

८. बंद कधी करायचं

"चार तास" असं कोणीतरी सांगितलं म्हणून चार तास जाळणारे खूप. त्यापेक्षा दर अर्ध्या तासाला तेल मोजून वहीत लिहा. समजा पहिल्या अर्ध्या तासात ४०० मिली आलं, दुसऱ्यात ५००, मग ३००, १८०, ९०, ४०. शेवटच्या अर्ध्या तासाच्या ४० मिलीसाठी २०-२५ लिटर पाणी उकळायचं सरपण आणि ५०० लिटर गार पाणी घालायचं का, ते तुम्हीच ठरवा. बहुतेक तीन-साडेतीन तासांत थांबणं परवडतं. पण एक सांगतो, घेणाऱ्याला ठरावीक प्रोफाइलचं, म्हणजे घटकांचं प्रमाण ठरलेलं, तेल हवं असेल तर प्रत्येक पाळी सारख्याच वेळेला बंद करा, कारण आधी येणारं आणि शेवटी येणारं तेल एकसारखं नसतं.

किती तेल यावं? आमच्याकडं मऊ पडलेल्या, देठ काढलेल्या ५०० किलो पाल्याला दीड ते दोन किलो येतं, चांगल्या प्लॉटला थोडं वर. पाच किलो येतं म्हणणाऱ्याला तेलाखालचं पाणी मोजतोस का विचारा.

जपून: जाळ काढल्यावर निदान अर्धा तास झाकण उघडू नका. उघडताना झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूनं उचला. वाफेनं भाजलेला हात मी बघितलाय, तेलापेक्षा दवाखान्याचं बिल मोठं होतं.

९. तेलातनं पाणी काढणं

हा टप्पा लोक गाळतात आणि मग एप्रिलमध्ये विचारतात, बाटलीच्या तळाशी ढगासारखं काय जमलं.

तेल काचेच्या सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या, तासभर उभं ठेवा, खालचं पाणी कॉक उघडून हळू सोडा, तेल-पाण्याच्या मधला गढूळ थर वेगळ्या बाटलीत घ्या आणि पुढच्या वेळेला मिसळा. मग स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत तेल घालून त्याच्यात निर्जल सोडियम सल्फेट टाका, लिटरला २०-३० ग्रॅमपासनं सुरुवात. हे पांढरं मीठ केमिकलच्या दुकानात मिळतं. झाकण लावून हलवा.

तपासा: मिठाचे दाणे तळाशी चिकटून गोळे होत असतील तर पाणी अजून आहे, थोडं मीठ वाढवा. दाणे वाळूसारखे सुटे फिरायला लागले की तेल कोरडं झालं. रात्रभर ठेवून सकाळी फिल्टर पेपरनं गाळा.

तेल आचेवर गरम करून पाणी उडवायचा प्रयोग करू नका. पाण्याबरोबर तेलही जातं, आणि आगीचं वेगळं.

१०. साठवण

फेलँड्रिन हवेशी लवकर बिघडतं. तेल घट्ट होतं, चिकट होतं, वासाला जुन्या वार्निशची झाक येते, आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त झोंबतं. म्हणून गडद तपकिरी काच नाहीतर अॅल्युमिनियमची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. पाच लिटरच्या कॅनमध्ये दोन लिटर तेल ठेवणं म्हणजे तीन लिटर हवा साठवणं. कोल्ड्रिंकच्या बाटल्या तर नकोच, मऊ प्लॅस्टिक हे तेल पितं आणि स्वतःही विरघळून तेलात उतरतं.

जागा गार, अंधारी. खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, आमच्या घरात दुधाला आठवडाभर हळदीच्या पानाचा वास होता आणि मला स्वयंपाकघरात यायला बंदी होती. जुना वेगळा फ्रिज असेल तर उत्तम.

प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: प्लॉट, जात, पाला कापल्याची तारीख, तेल काढल्याची तारीख, पाल्याचं वजन, किती तास. घेणारा फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. दोन प्लॉटचं तेल रिपोर्ट यायच्या आधी एकत्र करू नका, एकात औषधाचा अंश निघाला तर दोन्ही जातात.

आणि नुसतं तेल अंगाला चोळायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, शेजारच्याला गुडघ्याला लाव म्हणून द्यायचं नाही. औषध म्हणून किंवा खाण्यासाठी विकायचं तर त्याचे परवाने वेगळे आहेत.

११. चोथा, आणि टाकी धुणं

चोथा टाकीतनं काढून लगेच पसरा, गरम ढीग करून ठेवला की दोन दिवसांत बुरशी येते. आम्ही निम्मा उसाच्या सरीत आच्छादनाला टाकतो, निम्मा शेणाबरोबर खताच्या खड्ड्यात. जनावरं तो आवडीनं खात नाहीत, आणि फवारलेल्या प्लॉटचा असेल तर त्यांच्यापुढं टाकायचाच नाही.

टाकीत पुढं गवती चहा घालणार असाल तर आधी जाळी काढून घासा, मग नुसतं पाणी भरून पाऊण तास रिकामी वाफ सोडा, कंडेन्सरचं पाणी बंद ठेवून, म्हणजे वाफ शेवटच्या तोंडापर्यंत गरम जाते आणि नळीत चिकटलेलं तेल सुटतं. या वेळी तोंडापुढं कोण उभं राहायचं नाही, तिथनं उघडी वाफ येते. शेवटी कंडेन्सरचं पाणी चालू करून जे पहिलं पाणी पडेल ते वाटीत घ्या, गार होऊ द्या आणि ज्यानं सकाळपासनं शेडात पाय ठेवला नाही अशा माणसाला वास घ्यायला लावा, कारण आपलं नाक तोपर्यंत मेलेलं असतं. तो हळद म्हणाला की अजून पाऊण तास.